नववं वळण

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सायकलच्या शर्यतीत मला काडीचाही रस नाही. सायकल मी चालवलीय ती फक्त दूध केंद्रावर जायला, आणि तीही दुसऱ्याची. तरीसुद्धा अठ्ठ्याऐंशी सालच्या जुलै महिन्यात घाटकोपरच्या आमच्या भटवाडीत फ्रान्सच्या सायकल शर्यतीचा रोजचा निकाल कुणाला पाठ असेल तर तो मला, दशरथ परबला. का? तर माझ्या धाकट्या भावामुळे. त्याच्यामुळे आयुष्यात मी काय काय नाही केलं, त्यातलंच हे एक.

ब्याऐंशीच्या संपात गिरणी बसली तेव्हा मी आणि अनंत एकाच खात्यात होतो. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत मी वर्षभर बसून राहिलो. अनंत नाही बसला. तो ओळखीने बोटीवर लागला, फ्रान्सच्या कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत बोटीवर चढलाच नाही. आता तिथे डोंगरातल्या एका गावात हॉटेलच्या मोरीत भांडी घासतो. पासपोर्टाचे वांधे आहेत. तिथून निघाला तर पुन्हा आत घेणार नाहीत, म्हणून तो येत नाही. सहा वर्षं झाली. फोटो पाठव म्हटलं तर एकदाच पाठवला, तोही काळा गॉगल लावून. आई तो फोटो धरायची, नखाने त्या गॉगलवर टकटक करायची आणि म्हणायची, "ह्यो कोण?"

आईला, म्हणजे रुक्मिणीबाईंना, एकच ध्यास. एकदा त्याला बघायचंय. बाकी काही नको. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी तिची भाषा अर्धी मालवणातच राहिलीय. सकाळी चहा पिताना तेच, संध्याकाळी दिवा लावताना तेच: "माझो अनंत कसो दिसता असात आता?" आणि समोर बसलेला मी कसा दिसतो, ते कधी कुणाच्या मनात आलं नाही. आता हे बोलल्यावर तुम्ही म्हणाल, एवढा अडतीस वर्षांचा बाप्या, आईवर रुसतो. हो, रुसतो. विक्रोळीच्या औषध कंपनीत दिवसभर खोकी बांधून घरी आल्यावर रोज रोज हेच ऐकायचं म्हणजे माणसाचं डोकं फिरतं.

तर मार्चमध्ये अनंताचं पत्र आलं. आईला वाचता येत नाही, त्यामुळे तिची पत्रं मीच वाचतो. त्याने लिहिलं होतं, "दादा, आमच्या गावाजवळ एक डोंगर आहे. जुलैमध्ये ती मोठी सायकल शर्यत त्या डोंगरावर चढते. अख्ख्या जगात टीव्हीवर दाखवतात, तुमच्याकडेही दाखवतील. डोंगराला एकवीस वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर नंबराची पाटी आहे. मी तेराव्या वळणावर उभा राहीन. आईने दिलेली गोधडी कठड्यावर पसरून ठेवीन. आईला सांग, टीव्ही बघ, मी दिसेन."

आईचे डोळे असे चमकले की काय सांगू. पण एका क्षणात तिचं तोंड उतरलं.

"तेराव्या?" ती म्हणाली. "तेरावा कोणाचा घालतत, ठावक असा मा तुका?"

"अगं, तिथे तसलं काही नसतं."

"तिथे नसात. माझो झील त्या पाटयेखाली उभो रवतलो आणि मी हंय बसान बघू? नको."

"मग बारावं."

"बारावा?"

"बरं, अकरावं."

ती नुसती बघत राहिली. माझी बायको नलिनी पदर तोंडाला लावून हसत होती. माझी तिडीक मस्तकात गेली. "दहावं पण नको असेल! दहाव्याला कावळ्याला पण बोलवायचं असेल! मग नववं लिहितो. नवव्याला कुणाचं काही नसतं ना?"

आईने खरोखर विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "नवव्या चलात."

झालं. ह्या एका आकड्यासाठी मी विमानाचं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर यायला पाच आठवडे गेले. "नववं तर नववं. तुम्ही लोक सुधारणार नाही," एवढंच.

जुलै उजाडला. आमच्या मराठी पेपरात ह्या शर्यतीचा पत्ताच नव्हता. कंपनीत आमच्या डिस्पॅचला नंदकिशोर कर्णिक म्हणून क्लार्क आहे, पंतनगरचा, तो इंग्रजी पेपर घेतो. शेवटच्या पानाच्या तळाशी, जाहिरातीच्या वर, दोन ओळी. त्या दोन ओळी मी त्याच्याकडून रोज जेवणाच्या सुट्टीत वाचून घ्यायचो. कर्णिकला गंमत वाटायची. "परब, तू कधीपासून साहेबांच्या खेळात?" पण माणूस चांगला. त्याने मला समजावून सांगितलं की शर्यत तीन आठवडे चालते, रोज जिंकणारा वेगळा असू शकतो, आणि सगळ्या दिवसांचा मिळून ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला त्याला पिवळा शर्ट मिळतो. मी हे घरी येऊन आईला सांगितलं.

"म्हणजे आज पहिलो इलो तेका शर्ट नाय?"

"असेलच असं नाही."

"आणि शर्टवालो आज मागे रवलो तरी तेचो शर्ट जात नाय?"

"पुरेसा पुढे असेल तर नाही जात."

"अन्याय असा ह्यो," आई म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून मी दारात चपला काढायच्या आत विचारायला लागली, "पिवळो कोण?" कुणाचं नाव मला नीट घेता येत नव्हतं आणि तिला तर अजिबातच नाही. डोंगर कधी, एवढंच तिला हवं होतं. तो दिवस होता चौदा जुलै, गुरुवार.

पण गुरुवारी आपल्याकडे कोण दाखवतो! आपल्या टीव्हीवर परदेशी खेळांचा एक तास, रविवारी दुपारी, आणि तेही शिळं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं वाट बघत बसलो. टेनिस झालं, गोल्फ झालं, एक बाई बर्फावरून घसरत गेली. जुलै महिन्यात बर्फ! सायकलींचं नाव नाही. दुसऱ्या रविवारी सायकली दाखवल्या, मोजून दोन मिनिटं, सपाट रस्ता आणि बाजूला सूर्यफुलांची शेतं. आई पुढे सरकून टीव्हीला नाक लावून बसली होती. "ह्या डोंगर नाय," ती म्हणाली. मग इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि कुस्ती सुरू झाली. तिसऱ्या रविवारी कार्यक्रमच नव्हता, कुठलंसं भाषण होतं. मी टीव्हीचं शटर इतक्या जोरात ओढलं की ते रुळावरून निसटलं. ते बसवता बसवता संध्याकाळ गेली.

तोवर शर्यत तिकडे संपून आठवडा झाला होता. पिवळा कोण ते मला माहीत होतं, कर्णिकला माहीत होतं, अख्ख्या जगाला माहीत होतं. आमचा अनंत मात्र अजून डोंगरावर उभाच होता. शेवटी कर्णिकनेच सांगितलं, पेपरात आलंय, ह्या रविवारी डोंगर दाखवणार. आणि वर म्हणाला, "आईला घेऊन सरळ आमच्याकडे ये रे. कलर आहे, बिल्डिंगवर उंच अँटेना आहे. आरामात दिसेल."

सांगा, ह्यापेक्षा चांगलं काय असू शकतं? आमचा टीव्ही काळा-पांढरा. भटवाडी डोंगराच्या कुशीत, त्यामुळे वरळीच्या टॉवरचं चित्र आमच्यापर्यंत येईतो दमून जातं. अँटेना पत्र्यावर बांबूला बांधलेली, जरा वारा आला की तोंड फिरवणार. मी आनंदाने घरी येऊन आईला सांगितलं.

"मी येवचंय नाय," ती म्हणाली.

"का?"

"सहा वर्सांनी येतलो तो. तेका मी परक्याच्या घरात बसान बघू?"

"अगं आई, तो येत नाहीये! तो टीव्हीवर दिसणार आहे!"

"मगे? हंय टीव्ही नाय?"

"आपल्या टीव्हीवर मुंग्या दिसतात!"

"तू अँटेना फिरव." बस. विषय संपला. मी नलिनीकडे बघितलं, तर ती तांदूळ निवडायला लागली होती. दोन दिवस मी आईशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही, ती घावण्याचं पीठ वाटून घेण्याच्या गडबडीत होती.

आता ह्या पत्र्यांचं सांगायला हवं. आमची बैठी चाळ, वर सिमेंटचे पत्रे. त्यावर चढलात तर खिळ्यांच्या रांगेवरच पाय ठेवायचा, कारण खिळ्याखाली वासा असतो. दोन रांगांच्या मधे पाय पडला की पत्रा फुटला आणि माणूस सरळ खालच्याच्या घरात. आदल्याच वर्षी शेजारचा धाकू अँटेना फिरवायला चढला आणि कमरेतून गेला. अजून काठी घेऊन चालतो. पावसाळ्यात तर पत्र्यावर शेवाळ धरतं. चाळीत दर रविवारी कुणी ना कुणी वर असतोच, पण पावसात चढायचं नाही असं धाकूच्या वेळेपासून सगळ्यांचं ठरलेलं.

तो रविवार उजाडला तोच धो धो पाऊस घेऊन. आईने सकाळी आंघोळ करून ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. काळ्या वाटाण्यांचं सांबारं केलं, घावणे घातले. जेवायला चार ताटं वाढली. तिघांची तीन, आणि चौथं झाकून टीव्हीखाली.   चष्मा पुसून ती टीव्हीसमोर बसली, हात मांडीवर ठेवून, कुणी पाहुणा दारातून आत येणार असल्यासारखी.

कार्यक्रम सुरू झाला आणि पडद्यावर मुंग्या. नुसत्या मुंग्या. मी बटणं फिरवली, टीव्हीच्या कुशीत दोन चापट्या मारल्या. मागून कुणीतरी इंग्रजीत बोलत होता, पण चित्र नाही.

"फिरव मा रे," आई म्हणाली.

"बाहेर बघ जरा. पाऊस दिसतोय का?"

 तिने माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे. देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी मला अनंताचा असा राग आला की समोर असता तर दोन लगावल्या असत्या. तू जा तिकडे, तू डोंगरावर उभा रहा, आणि इथे पत्र्यावर कोण? दशरथ. सगळं दशरथ. मी शर्ट काढला, बनियनवर निघालो आणि धाकूच्या पडवीवरून वर चढलो.

आमची पद्धत अशी. मी वर, नलिनी दारात बाहेर तोंड करून, आई आत टीव्हीसमोर. आई सांगणार नलिनीला, नलिनी ओरडून सांगणार मला.

"आलं का?" मी ओरडलो.

"आवाज आहे! चित्र नाही!"

बांबू जरा डावीकडे केला. "आता?"

"चित्र आलं! आवाज गेला!"

"आवाज गेला चुलीत! चित्र कसं आहे?"

"दोन दोन दिसतायत सगळे!"

मी अँटेनाची नळीच हाताने धरली, आणि खालून नलिनी किंचाळली, "आलं! स्वच्छ आलं! काय केलंत?"

"काही नाही, नुसता हात लावला!"

"मग काढू नका! धरून ठेवा! हात काढलात की जातंय!"

घ्या. म्हणजे आता मी अँटेनाचाच एक भाग झालो. पाऊस डोक्यावरून डोळ्यांत, डोळ्यांतून बनियनमध्ये. बांबू पत्र्याच्या कडेला, त्यामुळे माझा एक पाय खिळ्यावर आणि दुसरा कुठे ते मला दिसतही नव्हतं. खालून बातम्या येत होत्या. "घोडे आहेत अजून!" मग, "टेनिस!" मग बराच वेळ काहीच नाही. हात भरून आला होता. मी बदलायला गेलो तर खालून दोघींचा एकदम आरडाओरडा. पुन्हा धरला.

"सायकली!" नलिनी ओरडली. "सायकली आल्या! डोंगर आहे! आई म्हणतायत, डोंगर आहे!"

"वळण कुठलं?"

"काय?"

"पाटी! पाटीवर किती?"

"माणसंच माणसं आहेत म्हणतायत! पाटी दिसत नाही!"

मी जरा पुढे वाकलो, का कोण जाणे. वाकून काय टीव्ही दिसणार होता? पण वाकलो. वाटलं, तिथे खाली, माझ्या पायाखाली, आठ फुटांवर माझा भाऊ येऊन उभा राहणार आहे आणि मलाच तेवढा दिसणार नाही. खोटं कशाला बोलू, मलाही त्याला बघायचं होतं. शिव्या घालतो, पण एका ताटात जेवलोय आम्ही. वाकताना पाय घसरला आणि पत्रा कर्रकन वाजला. मी नळीला लोंबकळल्यासारखा तसाच थांबलो. 

"दिसलो!" आईचा आवाज नलिनीमार्फत नाही, थेट पत्र्यातून वर आला. "दिसलो रे, दिसलो! ये खाली! दशरथा, खाली ये!"

मी हळूहळू मागे सरकलो, खिळा शोधला, आणि उतरलो. धावत आत आलो तर पडद्यावर मुंग्या. हात काढला होता ना मी. मुंग्यांतून एक घोडा उडी मारत होता.

"कुठे? कुठे आहे?"

"गेलो," आई म्हणाली. ती उभी होती, दोन्ही हात छातीवर. "इलो आणि गेलो."

"कसा होता?"

"बरो होतो."

"म्हणजे कसा? बारीक झालाय? गोधडी होती?"

"होती वाटता."

"वाटता काय! तू शिवलीस ती! हसला? हात केला?"

"अंग पूस आधी. न्हालंस नुसतो."

मी नलिनीला विचारलं. ती म्हणाली, "मी बाहेर तोंड करून होते हो, तुम्हाला सांगायला. मला कुठे दिसणार?" म्हणजे सहा वर्षांनी माझा भाऊ घरात येऊन गेला आणि एकट्या आईला दिसला. मी, ज्याने पेपरातल्या ओळी वाचून घेतल्या, ज्याने नववं वळण कळवलं, ज्याने हात मोडेस्तोवर नळी धरली, तो वर. मी टॉवेल भिंतीवर फेकला. "तुम्ही बघा! तुमचाच तो! मी आहेच अँटेना धरायला!"

 आईने टीव्हीखालचं झाकलेलं ताट काढलं, झाकण बाजूला केलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "खा," म्हणाली.

त्याच्यासाठी वाढलेलं, तो जेवायला नाही म्हणून मला. माझ्या मनात हेच आलं. मी ताट सरकवलं आणि तसाच ओल्या लेंग्यानिशी बाहेर जाऊन बसलो. नंतर कळलं, ती पण जेवली नव्हती.

पुढचे तीन आठवडे चाळीतल्या बायका येऊन विचारायच्या, "काय रुक्मिणीबाई, लेक दिसला म्हणे टीव्हीवर?" मला वाटलं होतं, आता ही सगळ्या भटवाडीला रंगवून सांगणार. पण ती आपली, "दिसलो गो, बरो असा," एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. माझं डोकं आणखीच फिरायचं. एवढं मिळालं तरी हिला समाधान नाही!

मग अनंताचं पत्र आलं. रविवारची सकाळ होती, नलिनी नळावर गेली होती. आई समोर येऊन बसली आणि मी पाकीट फोडलं. आधी मनातल्या मनात वाचायची माझी सवय आहे.

"दादा, तुम्ही शर्यत बघितली का? मला काही जायला जमलं नाही. चौदा जुलैला इथे सगळ्या देशाला सुट्टी असते, हॉटेलात मरणाची गर्दी, मालकाने सोडलं नाही. मला आधी लक्षातच आलं नाही बघ. मोरीत भांडी घासत होतो, आणि बाहेर सगळे टीव्हीसमोर ओरडत होते. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघू!  नवव्या वळणावर कुणी नव्हतं. कुणाच्या तरी गोधडीसारख्या चादरीला बघून आई समजली आपला मुलगा, आणि तेवढ्यावर बिचारी तीन आठवडे जगली. एका मनाने म्हटलं, वाच मोठ्याने. वाच, कळू दे तिला तिचा लाडका काय चीज आहे ते. पण ती समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून, अगदी त्या दिवशीसारखी. नाही झालं माझ्याने.

मी घसा साफ केला आणि वाचायला लागलो. "दादा, आईला सांग, मी नवव्या वळणावर उभा होतो. सकाळपासून जागा धरली होती. गोधडी कठड्यावर पसरली होती. कॅमेऱ्याची मोटारसायकल आली तेव्हा मी दोन्ही हात वर केले आणि आई म्हणून ओरडलो. आईला दिसलो असेनच." मला स्वतःलाच पटलं इतकं छान जमलं.

मान वर केली तर आईचा चेहरा पांढराफटक.

"होतो तो थंय?" ती म्हणाली.

"होता म्हणजे? तूच तर बघितलास."

"मी नाय बघलंय."

"काय?"

"डोंगर, माणसा दिसली थंयसर बघलंय, मगे टीव्हीकडे बघूकच नाय रे. तुझे पाय वर वाजत होते. खिळो सोडून पडले ते माका खाली कळत होते. मी वर पत्र्याकडे बघत होतंय. पत्रो कर्र करून वाजलो, माझो जीव ऱ्हवलो नाय. तू असोतसो उतारणारो नाय. म्हणान वरडलंय, दिसलो म्हणान." तिचा आवाज फुटला. "आणि तो खरोच होतो? हात वर करून होतो? माका हाक मारी होतो, आणि मी वर बघत रवलंय?"

मी तिला आजवर दोनदाच रडताना पाहिलंय. बाबा गेले तेव्हा, आणि अनंत बोटीवर गेला तेव्हा. हे तिसरं. आणि हे मी केलं होतं, माझ्या हाताने, छान जमलं म्हणत.

"आई, ऐक. ऐक माझं. नव्हता तो."

"उगाच सांगू नको."

"नव्हता गं! हे बघ." मी पत्र तिच्यापुढे धरलं, जणू तिला वाचताच येणार होतं. मग सगळं वाचलं. सुट्टी, गर्दी, मालक, मोरी, पुढच्या वर्षी बघू. एकही शब्द गाळला नाही. "मी बनवून सांगितलं. तुला दिसला म्हणालीस ना, म्हणून."

"माझी शपथ घे."

घेतली. ती माझ्याकडे बघत खरं-खोटं करत होती. मग तिने लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं आणि एवढा मोठा श्वास सोडला. "नव्हतो मा?"

"नव्हता."

"बरा झाला," ती म्हणाली. "म्हणजे माझो बघूचो चुकलो नाय."

 सहा वर्षं मी समजत होतो, हिला एकच मुलगा आहे, आणि मी आपला अँटेना धरायला. आणि ज्या एका मिनिटासाठी ती सहा वर्षं थांबली, ते मिनिट तिने माझ्या तळपायांकडे बघण्यात घालवलं. मी मान खाली घालून पत्राची घडी करत बसलो. घडी नीट पडेना.

"तेका लिही," आई उठता उठता म्हणाली, "डोंगरार बिंगरार उभो रवा नको. येवचा तर घरात ये म्हणा. आणि तू, परत पावसात त्या पत्र्यार चढलंस तर बघ. माझे डोळे दोनच असत. ते दोन ठिकाणी लागणत नाय."

त्याच दुपारी मी अँटेना खाली उतरवली, खिळ्यांवर पाय ठेवत, आणि बांबू दाराशेजारी जमिनीत पुरला. तेव्हापासून आमच्या टीव्हीवर धड काही दिसत नाही. रविवारी मी दारात उभा राहून बांबू फिरवतो आणि विचारतो, "आलं का?"

"मुंग्यो," आतून आई म्हणते. "चलात. बस येऊन."